मास्तरांनी शेतात माग घातला

आमचे घरमालक मास्तर जाऊन आता वर्ष होऊन गेलं, तरी अजून पाठीमागनं कुणी शर्टाची कॉलर धरली की मी दचकतो. मला मास्तरच वाटतात. माणूस ओळखीचा असो नसो, त्याच्या अंगावरचा कपडा नजरेत भरला की मास्तर तो चिमटीत धरायचे, खिशातनं बारकं भिंग काढायचे आणि धागे मोजायला लागायचे. रस्त्यात, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, कुठंही. माणूस ओरडला तरी मोजणं पूर्ण झाल्याशिवाय सोडायचे नाहीत.

एकदा गल्लीतले एक आजोबा गेले. तिरडी बांधून झाली, वरनं चादर घातली, बायकांनी हंबरडा फोडला. मास्तर पुढं झाले, वाकले. मला वाटलं, पाया पडतायत. तर यांनी चादरीचा कोपरा उचलून भिंग लावलं की! सगळी गल्ली बघत उभी. मास्तर माझ्याकडं वळून म्हणाले, "हितं दोन धागा सुटलाय. असला माल घालून माणसाला पाठवतेत काय?" आणि घरी जाऊन कपाटातली स्वतःची कोरी चादर घेऊन आले. ती घातली तेव्हाच तिरडी उचलू दिली. आजोबांचा मुलगा रडायचं विसरून त्यांच्याकडं बघत राहिला होता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आमच्या सोलापुरात टॉवेल-चादरींच्या कारखान्यांत मागांवर देखरेख करणाऱ्यालाही मास्तर म्हणतात. हे आधी दुसऱ्यांकडं मास्तर होते, पुढं स्वतःचे आठ माग घातले. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि कामावर दोन्हीही नाही. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून कारखान्यात सगळा कारभार हातांच्या खुणांनी चालतो. मास्तरांना ती सवय बाहेरही सुटली नव्हती. वरच्या गॅलरीत उभे राहून समोरच्या टपरीवाल्याला दोन बोटं आडवी दाखवायचे, की चहा हजर. त्यांचा एक जुना विणकर मित्र रस्त्यापलीकडं राहायचा. दोघं आपापल्या दारात उभे राहून अर्धा-अर्धा तास हातवारे करायचे, भांडायचे, हसायचे, आणि एक शब्द तोंडातनं बाहेर पडायचा नाही.

त्यांच्या घराखालच्या गाळ्यात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "ए झेरॉक्स!" एवढंच. मी बोलका माणूस आहे, हे मी स्वतःच सांगतो, नाहीतर माझी बायको सांगेलच. गिऱ्हाईक आधार कार्डाची कॉपी काढायला येतं आणि माझ्या साडूच्या जमिनीची केस ऐकून जातं. पण माझं बोलणं खरं ऐकलं असेल तर ते मास्तरांनी. समोर बसून माझ्या तोंडाकडं टक लावून बघायचे, हळूहळू मान हलवायचे. मधेच तोडणं नाही, मोबाइल बघणं नाही. असा ऐकणारा मला जन्मात भेटला नव्हता.

त्यांची बायको गेली आणि सहा महिन्यांत त्यांनी आठही माग भंगारात काढले. मी उडालोच. म्हटलं, "मास्तर, अहो चालते माग!" तर म्हणाले, "चाळीस वर्षं आवाज ऐकला. आता बास. परत मागाचा तोंड बघणार न्हाय." घरात टीव्हीसुद्धा आवाज बंद करून बघायचे. आणि ते पैसे, वर गाठीशी होतं ते घालून अक्कलकोट रोडला एक एकर रान घेतलं. ज्यांच्या सात पिढ्यांत, गावाकडच्या सातबाऱ्यावर नाव असलं तरी, कुणी कुंडीत तुळस सोडून काही लावलं नव्हतं, त्यांनी रान घेतलं!

पुण्यात नोकरीला असलेला त्यांचा मुलगा, सीनू, धावत आला. पोरगा शांत आहे, आवाज चढवत नाही. बापाशी, म्हणजे त्याच्या नानांशी, तेलुगूत बराच वेळ बोलला, मग खाली येऊन मला मराठीत सांगितलं, "काका, नाना ऐकत नाहीत. शनिवार-रविवार रानात राहायचं म्हणतात. मी हो म्हटलंय. पण एक जरी काही झालं ना, तर रान विकायचं आणि त्यांना पुण्याला न्यायचं. तसं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय."

पुण्याचं नाव काढलं की मास्तरांचा चेहरा पडायचा. मुलाच्या फ्लॅटवर एकदा आठ दिवस राहून आले होते. म्हणाले, "तितं सगळे पाठ करून उभे राहतेत. एक माणूस तोंडाकडं बघून बोलत न्हाय."

तर शनिवारी सकाळी मास्तर स्कूटरवर पुढं आणि मी मागं, असं आमचं सुरू झालं. मला गाडी येत नाही. दुकानात बायकोला बसवायचं आणि जायचं. मास्तर हेल्मेट घालायचे. सोलापुरात हेल्मेट! तेही दोन नंबर मोठं, डोक्यावर भोपळा ठेवल्यासारखं डुगडुगणारं.

रानात त्यांनी काय केलं असेल? तूर पेरताना दोन टोकांना खुंट्या ठोकून सूत बांधलं आणि एकेक दाणा हातानं टोचला. शेजारच्या रानात मल्लव्वा नावाची बाई मेंढरं राखायची. तोंडात कानडी, आमच्याशी बोलायला तोडकंमोडकं मराठी. तिनं बांधावर उभी राहून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "येन री मास्तर, तूर पेरलाय का टॉवेल इणलाय?" खरंच, उगवल्यावर वरनं बघितलं तर चौकटीचा टॉवेल वाळत घातलाय असंच दिसायचं.

मग उंदरांनी शेडमधल्या भुईमुगाच्या पोत्याला भोक पाडलं आणि मास्तर म्हणाले, "मांजर पाहिजे."

मी म्हटलं, "मास्तर, आपल्या गल्लीत पंधरा हायत. पायात येतेत."

"ती कुणाची ना कुणाची हायत. कुणाचाच न्हाय असला पाहिजे."

शहराबाहेर एक शेल्टर आहे, टाकलेल्या जनावरांचं. तिथं गेलो. जीन्स घातलेली एक मुलगी आली, हातात चार पानी फॉर्म. मांजर घ्यायला फॉर्म! ओळखपत्र, पत्ता, घरी कोण असतं, तुम्ही आजारी पडलात तर त्याचं कोण बघणार. मी हबकलोच. आमच्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा पोराकडच्यांनी एवढी चौकशी केली नव्हती. शिवाय आधार कार्डाची झेरॉक्स पाहिजे. आता बोला! अख्ख्या गल्लीच्या झेरॉक्स काढणारा मी, आणि मास्तरांची कॉपी आणायची विसरलो होतो. दुकान शोधत भर उन्हात दोन किलोमीटर गेलो.

परत आलो तर मास्तरांनी फॉर्म स्वतःच भरून, घडी घालून दिला होता. एका पिंजऱ्यापुढं उकिडवे बसले होते. आत एक पांढरी मांजर, एक डोळा निळा, एक पिवळा. मास्तर बोटं हलवत होते आणि ती त्या बोटांकडं एकटक बघत होती. बाकीची मांजरं केकाटत होती, उड्या मारत होती. ही नुसती बघत बसलेली.

"हाच," मास्तर म्हणाले.

मुलगी म्हणाली, "एका बंद पडलेल्या कारखान्यातनं आणलीय काका. मागाखालीच जन्मलेली. एक सांगते, जागा बदलली की काही मांजरं खाणं सोडतात. दोन दिवस खाल्लं नाही तर हट्ट करू नका, परत आणा."

नाव काय ठेवलं, तर पिल्ली. तेलुगूत मांजराला पिल्लीच म्हणतात. म्हणजे मांजराचं नाव मांजर.

गल्लीतल्या घरी पिल्ली पहिल्याच दिवशी रुळली. भाकरी-दूध खाल्लं, मास्तरांच्या उशाला झोपली. शनिवारी टोपलीत घालून रानात नेली, तर शेडमधल्या पोत्यांमागं जाऊन जी बसली ती बसलीच. दूध नको, सुकट नको, पाणी नको. रविवारी दुपारपर्यंत तेच. डोळे मोठे झालेले, अंग आक्रसून घेतलेलं. सोलापूरला आणली की परत पोटभर खायची. पुढच्या शनिवारी पुन्हा तसंच. मल्लव्वा म्हणाली, "ह्यो बेक्कु, मांजर, जगत न्हाय बगा हितं. टाका परत नेऊन."

त्या दिवशी मास्तरही जेवले नाहीत. मला त्यांची काळजी कळत होती. मांजर परत गेलं असतं तर सीनू म्हणणार, एक मांजर रानात टिकत नाही, तुम्ही काय टिकणार? आणि गल्लीत एकटं ठेवून यायला ते तयार नव्हते.

मी डोकं चालवलं. मागाखाली जन्मलेलं मांजर, त्याला आवाजाची सवय. मास्तरांच्या घराच्या भिंतीला लागून एक कारखाना अजून चालू आहे. तिथं जाऊन मोबाइलवर मागांचा आवाज भरून आणला. रानात पोत्यांपुढं मोबाइल ठेवला आणि फुल आवाज सोडला. दोन तास! माझं डोकं उठलं, मल्लव्वाची मेंढरं उधळली, ती कानडीत काय काय बोलली ते मला कळलं नाही तेच बरं. मांजरानं मिशी हलवली नाही. आणि मास्तर? समोर बसून "चांगला हाय, चांगला हाय" म्हणून मान हलवत होते.

त्यानंतरचा आठवडा मास्तर दिसलेच नाहीत. शुक्रवारी दुपारी घरापुढं टेम्पो उभा. आत काय, तर माग! अख्खा माग, मोटारीसकट. स्वतःचाच जुना माग, भंगारवाल्याच्या गोदामात अजून पडला होता तो, हुडकून परत आणला होता. ज्यांनी मागाचं तोंड बघणार नाही म्हणून शपथ घेतली होती त्यांनी!

"मास्तर, हे कुठं चाललं?"

"रानात."

"रानात माग? कशाला?"

माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच खुळा आहे. "मांजर घरी खातो. का खातो? शेजारी कारखाना चालतो. फरशी हलतो. भिंत हलतो. रानात जमीन हलत न्हाय. त्याला वाटतो, जग बंद पडला."

मला हसावं की रडावं कळेना. शेडमधल्या कोब्यावर माग बसवला. रानातली पंपाची लाइट ठरल्या वेळेलाच यायची, त्या आठवड्यात सकाळी दहाला होती. आसपासच्या चार वस्त्यांवरची माणसं बघायला जमली. कुणीतरी नारळ आणला. मी म्हटलं, "नुसता चालवायचा ना?" तर मास्तर चिडले. "रिकामा माग चालवतेत काय? मोडतो." त्यांनी रीतसर उभ्या धाग्यांचा ताणा भरला होता, आडव्या सुताच्या कांड्या आणल्या होत्या. दहा वाजता लाइट आली, बटण दाबलं, आणि त्या तुरीच्या रानात टॉवेल विणायला लागला.

खोटं सांगत नाही, पाचव्या मिनिटाला पोत्यांमागनं पांढरं तोंड बाहेर आलं. पिल्लीनं एक पाय कोब्यावर ठेवला, थांबली, दुसरा ठेवला. चालत चालत मागाखाली गेली, अंगाचं वेटोळं केलं आणि डोळे मिटले. अर्ध्या तासानं उठून वाटीभर दूध प्याली. मल्लव्वानं मांजराला हात जोडले. मास्तर मात्र इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यावरची नजर न काढता म्हणाले, "कडेचा धागा ढिला हाय."

तिथनं पुढं आमचे शनिवार मजेत गेले. मास्तर विणायचे, पिल्ली मागाखाली, मी शेंगा फोडत बडबडायचो. पुढं पुढं तर ती माग बंद असतानाही बांधावर हिंडायला लागली, उंदीर धरायला लागली. मल्लव्वाच्या घरी दर महिन्याला एक टॉवेल जायचा. तिची मेंढरं सोडून सगळ्यांनी ते वापरले.

त्याच दिवसांत माझ्या घरात बिनसलं होतं. बायको चिडून कुर्डुवाडीला माहेरी गेली होती. चूक माझी होती. चारचौघांत तिची एक गोष्ट बोलून गेलो होतो, जी बोलायची नसते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मास्तरांना सांगितलं, स्कूटरवर, मागं बसून. माणसाच्या पाठीशी बोलायला सोपं जातं. सोलापूर सोडलं की सुरू करायचो ते रान येईपर्यंत. एकदा तर बोलता बोलता रडलो. शेवटी विचारलं, "मास्तर, मी जाऊ का तिला आणायला? पाया पडू का सासऱ्याच्या?" मास्तरांनी मान हलवली. चांगली दोन-तीनदा, जोरात. मी सोमवारची पहिली गाडी पकडून कुर्डुवाडीला गेलो, माफी मागितली आणि बायकोला घेऊन आलो. माझा संसार मास्तरांनी सावरला, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो.

आणि मग शेल्टरची ती मुलगी पाहणीला आली. मांजर नीट ठेवलंय का बघायला येतात म्हणे. मास्तर वर अंघोळीला गेले होते, म्हणून दुकानात बसली. पिल्ली माझ्या झेरॉक्स मशिनवर झोपलेली. मुलगी तिच्या मागं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अजून अशीच गाढ झोपते का? हिला कधी मागनं हात लावू नका हं. घाबरते."

"का?"

"बहिरी आहे ना ती."

मी म्हटलं, "कोण?"

"पिल्ली. पांढऱ्या मांजरांमध्ये असतं असं. जन्मापासूनच. काकांना सांगितलं होतं की आम्ही! म्हणून तर त्यांनी हिला निवडलं." आणि पिशवीतनं फॉर्म काढून दाखवला. 'दत्तक घेण्याचे कारण' या ओळीपुढं मास्तरांच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'मला पण ऐकू येत नाही. दोघांचं जमेल.'

मी ते तीनदा वाचलं. दोन तास बहिऱ्या मांजरापुढं मोबाइल वाजवला मी! आणि बहिरे मास्तर "चांगला हाय" म्हणत होते!

मुलगी गेल्यावर वर गेलो. मास्तर टॉवेलनं डोकं पुसत होते. मी फॉर्मवरचं वाक्य म्हणून दाखवलं, त्यांच्या तोंडासमोर, एकेक शब्द. ते खाली बसले.

"कधीपासनं?"

"बायको असताना थोडा यायचा. ती गेली, तवापासनं काहीच न्हाय. तोंड बघून कळतो."

"एका अनोळखी पोरीला सांगितलंत, आणि मला नाही?"

"तुला सांगितला असता तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळला असता. उद्या सीनूला. परवा मी पुण्यात."

मग मला एकदम आठवलं. "मास्तर, मग मी स्कूटरवर जे बोलत होतो ते?"

"कधी बोललास?"

"वर्षभर! माझी बायको गेली ते! मी तुम्हाला विचारलं, आणायला जाऊ का, तुम्ही मान हलवली!"

"कुटं?"

"कुंभारी गावाच्या पुढं."

मास्तरांनी विचार केला. "तितं रस्ता खराब हाय," म्हणाले. "खड्ड्यात हेल्मेट हलतो." आणि मग, खऱ्याखुऱ्या काळजीनं, "बायको गेली तुझी? मग आली का?"

आता या माणसावर रागवायचं तरी कसं? मी चार दिवस बोललो नाही त्यांच्याशी. पाचव्या दिवशी मीच गेलो, आणि पिल्लीची शप्पथ घालून सांगितलं की हे माझ्या तोंडातनं बाहेर जाणार नाही. माझ्या आयुष्यात पोटात ठेवलेली ही पहिली गोष्ट.

ती फार दिवस ठेवायला मिळाली नाही. दुसऱ्या वर्षाची तूर काढायच्या वेळी रानात ट्रॅक्टर मागं येत होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मास्तर पाठ करून उभे. मल्लव्वानं धावत येऊन ओढलं म्हणून वाचले, पण पडून पाय खरचटला, गुडघा सुजला. ड्रायव्हरनं चार ठिकाणी सांगितलं, म्हाताऱ्याला हॉर्न ऐकू आला नाही. बातमी पुण्याला पोचली.

रविवारी सीनू गाडी घेऊन थेट रानात आला. शेडमध्ये मास्तर खुर्चीवर पाय लांब करून बसलेले, मी समोर. पिल्ली त्यांच्या मांडीवर. सीनू त्यांच्या पाठीमागं येऊन उभा राहिला. मास्तरांना कळलंच नाही तो आलाय. माग बंद होता, जमीन गप्प होती.

सीनूनं हळूच मला विचारलं, "काका, खरं सांगा. तुम्ही रोज त्यांच्याबरोबर असता. नानांना ऐकू येतं का?"

मास्तर माझ्याकडं बघत होते. मला काय उत्तर द्यायचंय, ते त्यांना माझ्या ओठांवर दिसणार होतं. खरं काय ते मला माहीत होतं. ट्रॅक्टर चार बोटं पुढं आला असता तर, हेही माहीत होतं. पुण्यात डॉक्टर होते, मशिन मिळालं असतं, मुलगा-सून होते. आणि पाठ करून उभी राहणारी माणसं होती.

"येतं की!" मी म्हणालो. "चांगलं येतं. ट्रॅक्टरवाला थापा मारतोय. हॉर्न वाजवलाच न्हाय त्यानं."

सीनू एक पाऊल मागं सरकला आणि साध्या आवाजात म्हणाला, "नाना."

मी डोळे उचलून मास्तरांच्या खांद्यावरनं मागं बघितलं. नुसतं बघितलं. चाळीस वर्षं खडखडाटात काढलेला माणूस तो, त्याला तेवढं पुरलं. सावकाश मान वळवून म्हणाले, "आलास? बस की. शेंगा खा."

सीनू दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला. मग बसला. शेंगा खाल्ल्या, बापाचा गुडघा दाबून बघितला, आणि दुपारी एकटाच पुण्याला गेला. निघताना मला म्हणाला, "लक्ष ठेवा काका." गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी बांधावर उभा राहून हात हलवत होतो.

मास्तर म्हणाले, "घाम पूस. खोटं बोलता येत न्हाय तुला."

त्या संध्याकाळी मास्तरांनी सुजल्या गुडघ्यानंच स्कूटर काढली, परत निघालो आणि पहिल्यांदा मला उमगलं की वर्षभर मी बहिऱ्या माणसाच्या मागं स्कूटरवर बसलोय. हायवेनं! मागनं ट्रक आला, हॉर्न वाजला, आणि मी मास्तरांचा उजवा खांदा गच्च दाबला. त्यांनी गाडी कडेला घेतली. तेव्हापासनं तसंच ठरलं. मी खोटं बोलून बसलो होतो, आता निभावायलाच पाहिजे होतं. ताप असो, पाहुणे असोत, साडूच्या पोराचं लग्न असो, शनिवार चुकवता येईना. रानात ट्रॅक्टर आला की मी पुढं जाऊन उभा राहायचो. स्कूटरवर माझा हात खांद्यावरनं हलायचा नाही. तरी बोलणं काही सुटलं नाही. एकदा उतरल्यावर विचारलं, "मास्तर, तुम्हाला ऐकू येत न्हाय, मी कशाला बडबडतो हो?" तर म्हणाले, "बोल की. तू बोललास की पाठीला धक्के बसतेत. म्हंजे मागं हाईस, पडला न्हाईस, असा कळतो."

पावणेदोन वर्षं असं गेलं. मग एका सोमवारी सकाळी मास्तर खाली आलेच नाहीत. वर गेलो तर झोपेतच गेले होते. पिल्ली उशाला बसलेली. मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की शेजारचा कारखाना थांबला.

तेरावा झाल्यावर सीनू दुकानात आला. दाखल्याच्या पाच झेरॉक्स पाहिजे होत्या. रान विकायचं नाही म्हणाला, मल्लव्वाला कसायला दिलंय. मांजर तुमच्याकडंच राहू द्या म्हणाला. मी पिल्लीला उचलून मशिन उघडलं, कागद ठेवला, बटण दाबलं.

"काका," तो म्हणाला, "त्या दिवशी रानात तुम्ही खोटं बोललात."

"कुठं? काय?"

"नानांना ऐकू येत नाही हे मला आई गेली तेव्हाच कळलं होतं. ती आत शेवटची हाक मारत होती, आणि ते दारात पाठ करून उभे होते."

मशिन कागद सोडत होतं. "अरे, मग मला विचारलंस कशाला? न्यायचं ना त्यांना!"

"न्यायलाच आलो होतो. डिकी रिकामी करून आलो होतो." त्यानं डोळे पुसले. "म्हटलं, एकदा बघू. तुम्ही खरं बोलला असता, तर इथं त्यांचं कुणीच नाही असं धरून त्याच दिवशी गाडीत घातलं असतं. तुम्ही खोटं बोललात. मग मी निर्धास्त गेलो."

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. मशिन थांबवायचं भान राहिलं नाही. पाच सांगितल्या होत्या, मी पाचाचे पंचावन्न दाबले असावेत; कागद संपेपर्यंत मास्तरांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या कॉप्या निघत राहिल्या, आणि आम्ही दोघांनी त्या जमिनीवरनं गोळा केल्या.